बोरजाईवाडीत सूर्य कमी पडला

सूर्य राव आणि रंक असा भेद न करता सर्वांना सारखाच प्रकाश देतो. हे वाक्य माझ्या सादरीकरणाच्या पहिल्या पानावर होतं. सोलापुरातल्या त्या बँकेच्या मॅनेजरांनी ते मोठ्यानं वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "प्रकाश देतो ते बरोबर. तारण कोण देतो?"

मी पान उलटलं. दुसऱ्या पानावर प्रकल्पाचं चित्र होतं. निळ्या पॅनेलांच्या रांगा आणि मागं हिरवीगार टेकडी. बोरजाईवाडीला हिरवी टेकडी नाही. चित्र स्पेनमधलं होतं.

"रात्री काय करता?" मॅनेजर म्हणाले.

"रात्री वीज तयार होत नाही."

"पावसाळ्यात?"

"कमी होते."

"आणि हप्ता?"

"हप्ता दर महिन्याला."

"तेच म्हणतोय मी." ते समाधानानं मागं रेलले. "साखर कारखान्याला आम्ही डोळे झाकून देतो. का, तर ऊस शेतात उभा दिसतो. तुमचा सगळा कच्चा माल वर आकाशात. उद्या जप्तीची वेळ आली तर मी माणसं पाठवायची कुठं?"

माझ्या शेजारी बसलेले एकनाथराव येलपले इतका वेळ टोपी मांडीवर ठेवून ऐकत होते. ते म्हणाले, "साहेब, ऊस जळतो, वाळतो, शेजारच्या कारखान्याला पळून जातो. सूर्य आजवर एक दिवस तरी रजेवर गेलाय का?"

"त्याच्याबद्दल तक्रार नाही हो आमची. पण वीज तुम्ही विकणार वीज कंपनीला. ती पैसे कधी देते?"

एकनाथरावांनी मांडीवरची टोपी डोक्यावर घातली. सबंध नोकरी वीज खात्यात झाल्यामुळं या प्रश्नाचं खरं उत्तर त्या खोलीत फक्त त्यांनाच माहीत होतं.

मी त्या काळात सौरऊर्जेच्या लहान प्रकल्पांना कर्ज मिळवून देण्याचा व्यवसाय करत असे. कर्ज मिळालं तर एक टक्का माझा, नाही मिळालं तर पेट्रोल माझं. त्यामुळं माझा व्यवसाय नेमका कोणता, याबद्दल घरात दोन मतं होती. एकनाथराव कनिष्ठ अभियंता म्हणून निवृत्त झालेले. सांगोल्याच्या पुढं बोरजाईवाडीत त्यांचा दहा एकर माळ होता. माळ म्हणजे निव्वळ मुरूम. त्यावर दोन मेगावॉटचा प्रकल्प उभा करायचा आणि वीज गावच्याच उपकेंद्राला द्यायची, असा त्यांचा बेत. वीज कंपनीशी करार झाला होता. फंडाचे पैसे अनामत म्हणून भरून झाले होते. अट एवढीच, की दोन वर्षांच्या आत कर्ज मंजूर झालं पाहिजे. नाही झालं तर करार रद्द, अनामत जप्त.

बँकेबाहेरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला.

"किती बँका झाल्या?" त्यांनी विचारलं.

"मोजणं सोडलंय मी."

"रिसबूड साहेब, एक सांगू?" बशीतला चहा फुंकत ते म्हणाले. "भारनियमन होतं तवा आमच्या गावाची लाइन मी बंद करायचो. वरनं फोन यायचा, येलपले, खाली ओढा. मी ओढायचो. लोक पिकाला पाणी द्यायला रात्रीचं उठायचे आन् मला शिव्या द्यायचे. सख्खा चुलता माझ्याशी बोलायचा बंद झाला, तो तसाच गेला. सगळा जन्म बंद करायचं काम केलं बघा. एकदा चालू करायचंय."

मी व्यवसायानं कोरडा माणूस आहे. तरी त्या चहाचे पैसे मी दिले.

देशातल्या बँका संपल्यावर मी परदेशातली बँक गाठली. युरोपातली, गरीब देशांच्या विकासासाठी काढलेली. व्याज आपल्याकडच्यापेक्षा निम्मं, मुदत पंधरा वर्षांची, तारणाचा फार आग्रह नाही. आपली बँक माणसावर संशय घेते. ही बँक थेट सूर्यावर संशय घेत होती. सरासरी सूर्य तिला चालत नसे. दहा वर्षांतल्या वाईटातल्या वाईट वर्षी किती ऊन पडेल, ते तिला हवं होतं. त्या आकड्यावर कर्ज ठरणार. माझ्याकडं उपग्रहावरून काढलेले वीस वर्षांचे आकडे होते. ते पाठवले. उत्तर आलं, आकडे उत्तम आहेत, पण उपग्रह फार लांब आहे. जागेवर एक वर्षभर मोजा.

आणि मोजायला डर्क आला.

डर्क हा हॉलंडचा तज्ज्ञ. उंच, लाल, सभ्य. ज्या देशात ऊन पडलं की लोक फोटो काढतात, तिथून तो सांगोला तालुक्यात ऊन पडतं का ते बघायला आला होता. त्यानं माळाच्या मधोमध छातीएवढ्या उंचीचा खांब रोवला. खांबावर पांढरी तबकडी, तबकडीवर काचेचा छोटा घुमट, एखादी वाटी पालथी घालावी तसा. घुमटाच्या आत काळा ठिपका. त्या ठिपक्यावर जेवढं ऊन पडेल तेवढं मोजून आकडा परस्पर युरोपात जाणार.

एकनाथरावांच्या पत्नी शालनवहिनी चहा घेऊन आल्या होत्या. ठेंगण्या, कपाळभर कुंकू, पदर खोचलेला. किटली खाली ठेवून त्या खांबाभोवती एक फेरी मारून आल्या.

"भाऊ, ह्यात ऊन साठतंय व्हय?"

"साठत नाही वहिनी. मोजतात."

"कशापायी?"

"बँकेला खात्री हवी."

"सूर्याची?" त्यांनी डर्ककडं नीट पाहिलं. "आन् ह्यांच्या बँकेची खात्री कोण देतंय म्हणावं?"

हे मी भाषांतरित केलं नाही. दुभाष्याला मानधन मिळत नसलं की तो निवड करू शकतो.

डर्कनं देखभालीचे नियम सांगितले. रोज उजाडता घुमट स्वच्छ पुसायचा, कारण धूळ बसली की आकडा खोटा येतो. साधं पाणी, मऊ कापड. साबण नाही, तेलाचा हात नाही. कुणाची सावली पडता कामा नये. एकाच माणसानं करावं. इतरांनी जवळ येऊ नये. आणि एकही दिवस चुकवायचा नाही.

"कोण करणार?" डर्कनं विचारलं.

एकनाथराव म्हणाले, "मी करतो की."

"तुम्ही आठला उठणार," वहिनी म्हणाल्या. "मीच करते. आंघूळ करून जायचं, कुणाला शिवू द्यायचं न्हाई, सावली पाडायची न्हाई, नेम मोडायचा न्हाई. देवाचं आसतंय तसंच हाय की हे सगळं."

"काय म्हणाल्या त्या?" डर्कनं विचारलं.

"सगळं समजलं म्हणाल्या."

डर्कनं पिशवीतून पुसायचे खास कागद काढले. वहिनींनी एक हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि परत दिला. मग घरातून पांढऱ्या मलमलीचं जुनं धुवट कापड घेऊन आल्या. डर्कनं ते बोटांनी चाचपलं आणि मान डोलावली. यापेक्षा चांगलं कापड आमच्याकडंही नाही, म्हणाला. हे मी भाषांतरित केलं. वहिनी लाजल्या.

दिवाळीपासून मोजणी सुरू झाली. आठवड्याला एकनाथरावांचा फोन यायचा. सुरुवात ठरलेली, "काय म्हणतंय परदेश?" परदेश काही म्हणत नसे. मग ते वहिनींची तक्रार करायचे. "अहो, मला माळावर जायची बंदी हाय. परवा सहज गेलो तर लांबूनच ओरडली, सावली पडती तुमची, मागं व्हा. माझ्याच रानात मला मागं व्हा म्हणती."

"बरोबर आहे त्यांचं."

"बरोबर हाय हो. पण खात्यात साहेबसुद्धा असं बोलला न्हवता मला."

एकदा वहिनींनीच मधे फोन घेतला. "भाऊ, तुमच्या साहेबाला सांगा, एक दिस चुकला न्हाई. ताप आलावता तरी गेले."

"सांगतो."

"आन् कर्ज कवा देणार त्ये पण इचारा. ह्यांचा जीव टांगणीला लागलाय. रातचं उठून कॅलेंडर बघत्यात."

जूनच्या पहिल्या आठवड्यात फोन आला तेव्हा एकनाथरावांनी परदेशाबद्दल काही विचारलं नाही.

"शालन गेली," ते म्हणाले.

सकाळी काच पुसून आल्या, छातीत भरून आल्यागत होतंय म्हणाल्या, अंगणातच खाली बसल्या. सांगोल्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. मी काय बोललो ते आठवत नाही. अशा वेळी जे बोलतात तेच बोललो असेन. फोन ठेवताना ते म्हणाले, "काच मी पुसतोय. त्याची काळजी करू नका."

मी ती काळजी करत नव्हतो. पण त्यांना वाटलं, मी करत असेन.

वर्ष भरलं. आकडे जमले. आणि परदेश एकदाचं काहीतरी म्हणालं. बोरजाईवाडीत ऊन कमी पडतं, असं म्हणालं.

मी ते पत्र तीनदा वाचलं. त्या तालुक्यात सगळंच कमी पडतं, हे मला मान्य होतं. पाऊस, शाळेत मास्तर, दवाखान्यात औषध. पण ऊन? उन्हाच्या बाबतीत सांगोला तालुक्यानं आजवर कुणाला नाराज केलेलं नव्हतं. एकनाथरावांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "त्यास्नी म्हणावं मे महिन्यात या. अनवाणी."

डर्क आला तो नोव्हेंबरमध्ये. ओसरीवर आम्ही तिघं बसलो. वहिनींचा फोटो भिंतीवर होता, हार ताजा होता. चहा एकनाथरावांनी स्वतः केला होता आणि ते कळत होतं. डर्कनं आधी फोटोकडं पाहून मान झुकवली, मग लॅपटॉप उघडला. पडद्यावर दोन रेघा होत्या. एक उपग्रहाची, एक खांबाची.

"इथपर्यंत दोघी हातात हात घालून चालतात," तो म्हणाला. मी भाषांतर करत होतो. "जानेवारीच्या शेवटी खांबाची रेघ अचानक खाली येते. उन्हाळ्यात आणखी खाली. सगळ्यात जास्त फरक मे महिन्यात, भर दुपारी. आणि जूनमध्ये त्या परत एकत्र येतात."

"जूनमध्ये कवा?" एकनाथरावांनी विचारलं.

"पहिल्या आठवड्यात."

एकनाथरावांनी कपबशी खाली ठेवली.

"यंत्र मी तपासलं, यंत्र चांगलं आहे," डर्क म्हणाला. "मग प्रश्न काचेचा. तुम्ही कशानं पुसता?"

एकनाथरावांनी खिशातून पंच्याचा तुकडा काढून दाखवला. डर्कनं तो उजेडात धरला, हुंगला. "ठीक. आणि त्या पुसायच्या ते कापड? त्याला साबण, तेल असं काही लागलं असेल, तर काचेवर पातळ थर बसू शकतो."

"तिनं कशाचा हात लागू दिला नसता," एकनाथराव म्हणाले. "पण बघा. तिच्या वस्तूत ठेवलंय तसंच."

ते आत गेले. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. नंतर बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मग ते घडी केलेलं कापड घेऊन बाहेर आले आणि डर्कच्या हातात दिलं. स्वतः उभेच राहिले.

डर्कनं घडी उलगडली. पांढऱ्या मलमलीवर लाल ठिपके होते, बोटाच्या पेराएवढे, कडेला पिवळसर. एकाला लागून एक, ओळीनं. रोज कापडाचा कोरा भाग शोधून पुसायचं, म्हणजे आदल्या दिवसाचा डाग काचेला लागत नाही. जागा संपल्यावर कापड उलटं करून दुसऱ्या बाजूनं सुरुवात केलेली होती. शेवटची ओळ अर्धी होती.

डर्क ते कौतुकानं बघत राहिला. "फार सुंदर," तो म्हणाला. "ही इकडची छपाई आहे का?"

मी भाषांतर केलं नाही. एकनाथरावांना ते केल्याशिवायच समजलं असावं.

"सुरुवात कुठल्या दिवशी झाली म्हणाला हा?" त्यांनी मला विचारलं. डर्कनं पडद्यावर बोट ठेवून तारीख सांगितली. एकनाथराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडं गेले, पानं मागं उलटली.

"रथसप्तमी," ते म्हणाले. "सूर्याचा सण. दारात रथ काढलावता तिनं, गोवरीवर दूध उतू घातलंवतं. मला म्हणाली, आज मीटरची पण पूजा करून आले, तुमचं काम होऊ दे म्हणून. मी पेपर वाचत होतो. बरं केलंस म्हणालो."

"आणि पुढं रोज?"

"रोजच केली असणार. सुरू केलेलं बंद करायचा स्वभाव न्हवता तिचा."

मी डर्कला सगळं सांगितलं. सूर्य, सण, हळद, कुंकू. वहिनी रोज पहाटे काच नियमाप्रमाणं लख्ख पुसत, आणि मग त्या लख्ख काचेच्या टोकावर बोटानं ओलं हळदकुंकू लावत. दुसऱ्या दिवशी ते पुसून नवं. शेवटचं तेवढं त्या रात्रीच्या वळवानं धुवून नेलं होतं, म्हणून एकनाथरावांना ते कधी दिसलं नाही. डर्क आधी गोंधळला. मग त्यानं कागद घेतला, घुमट काढला, टोकावर ठिपका दिला आणि वरून एक सरळ रेघ आणली.

"मे महिन्यात तुमच्याकडं भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो," तो म्हणाला. "म्हणजे बरोबर त्या टिळ्याच्या मागं. जेव्हा ऊन सगळ्यात जास्त, तेव्हाच मोजणी सगळ्यात कमी." मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "पण ही तर चांगली बातमी आहे! सूर्य ठीक आहे. कारण सापडलंय. कारण लेखी दिलं की ते महिने आम्ही वगळतो आणि तिथं उपग्रहाचे आकडे धरतो. तुमचं कर्ज होतंय."

एकनाथराव कॅलेंडर सोडून जवळ आले. "होतंय?"

"होतंय," मी म्हणालो. माझाही आवाज जरा वर गेला होता. एक टक्का म्हटला तरी तो दोन मेगावॉटचा होता.

डर्कनं बॅगेतून एक छापील कागद काढला. मोजणीत बिघाड झाल्यास त्याचं कारण. खाली तीन चौकोन. चोरी अथवा नासधूस. निसर्ग: वादळ, वीज, पक्षी. आणि तिसरा, देखभाल करणाऱ्या व्यक्तीचा निष्काळजीपणा. डर्कनं तिसऱ्या चौकोनात पेन्सिलीनं हलकी खूण केली आणि कागद एकनाथरावांपुढं सरकवला. "इथं सही."

त्यांनी चष्मा लावला. "कशावर बरोबर केलंय हे?"

मी सांगितलं.

त्यांनी पेन उघडलं होतं. ते त्यांनी परत बंद केलं.

"ती निष्काळजी न्हवती."

"नव्हत्याच हो. पण कागदावर तीनच चौकोन आहेत. त्यातला हा जवळचा."

"तापात पुसायला गेलीय ती. मरायच्या दिवशी पुसून आलीय."

"मला माहीत आहे एकनाथराव. पण वहिनींना आता काय फरक पडतोय? एक कागद आहे हा."

ते माझ्याकडं बघत राहिले. रागानं नाही.

"वायरमनलाही फरक पडायचा न्हाई," ते म्हणाले. "माझ्या हाताखाली तीन वायरमन गेले, रिसबूड साहेब. लाइन बंद हाय म्हणून वर चढवलेले. बंद नसायची. अहवाल मी लिहायचो. कारण काय लिहायचं ते वरनं ठरलेलं असायचं. कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा. तेवढं लिहिलं की साहेब सुटला, खातं सुटलं, फाइल बंद. बायका यायच्या त्यांच्या, दारात बसायच्या, पोरं घेऊन. त्यांच्या देखत सही केलीय मी. एकीनं विचारलंवतं, साहेब, माझा नवरा येंधळा होता का वो? काय सांगू तिला?" त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. "आता शालनला न्हाई लिहायचा मी हा शब्द."

"काय म्हणतात ते?" डर्कनं विचारलं.

मी सांगितलं. शक्य तेवढं सगळं. डर्कनं पेन्सिलीची खूण रबरानं खोडली आणि वरची धूळ फुंकली.

"पक्षी लिहू या," मी इंग्रजीत म्हणालो. "दुसरा चौकोन. पक्षी घाण करतात. कुणी विचारणार नाही."

"कुठला पक्षी?" डर्क म्हणाला. तो माझी थट्टा करत नव्हता. "जानेवारीत येतो. रोज उजाडता, बरोबर घुमटाच्या टोकावर बसतो. एक दिवस चुकवत नाही. आणि जूनमध्ये यायचा बंद होतो."

"काय चाललंय तुमचं?" एकनाथरावांनी विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "पक्षी नको. तिनं केलेलं पक्ष्याच्या नावावर नको. जे केलं ते लिहा की. पूजा लिहा. लाजायचं काय त्यात?"

डर्कनं बँकेला फोन लावला. अंगणात येरझारा घालत तो बराच वेळ त्यांच्या भाषेत बोलत होता. मधेच हातवारे करून त्यानं हवेत घुमट काढला, टोकावर बोट टेकवलं. पलीकडच्या माणसाला ते दिसत नव्हतं. परत आला तेव्हा त्याचा चेहरा जास्तच लाल झाला होता.

"ते विचारतात, पूजेला लेखी परवानगी घेतली होती का?"

"कुणाची?"

"बँकेची. घेतली असेल तर चौथा चौकोन तयार करता येईल. नसेल तर ती तिसऱ्यात बसते."

मी हे भाषांतरित केलं तेव्हा एकनाथराव हसले. वहिनी गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. ते फार वेळ टिकलं नाही.

"आन् काहीच न्हाई लिहिलं तर?"

"तर कारण अज्ञात," डर्क म्हणाला. "मग सगळे आकडे खरे धरायचे. इथं ऊनच कमी आहे असं समजायचं. कर्ज जवळजवळ चौथ्या हिश्शानं कमी होईल. उरलेलं तुम्हाला घालावं लागेल."

चौथा हिस्सा म्हणजे किती, ते मी सांगितलं नाही. एकनाथरावांनी मनातल्या मनात केला हिशोब. माळ विकून तेवढे येत नव्हते, आणि माळ विकला तर प्रकल्प कुठं उभा करायचा होता? नव्यानं वर्षभर मोजायचं, तर कराराची मुदत मार्चमध्ये संपत होती.

"एकनाथराव," मी म्हणालो, "एकदा चालू करायचंय म्हणाला होता तुम्ही."

"म्हणालो होतो."

"मग?"

ते ओसरीच्या कडेला जाऊन उभे राहिले. तिथून माळ दिसायचा. दुपारचं ऊन मुरमावर असं पडलं होतं की बघवत नव्हतं. मधोमध तो खांब उभा होता, आणि त्याची काच लखलखत होती.

"माहीत न्हाई म्हणून लिहा," ते म्हणाले.

डर्कनं लिहिलं. सही त्यांनी केली, वळणदार, खात्यातली. मग डर्क जरा अडखळत म्हणाला, की अहवालाला जोडायला ते कापड नमुना म्हणून मिळालं तर बरं होईल.

"ते मिळायचं न्हाई," एकनाथराव मराठीतच म्हणाले, आणि डर्कनं मान हलवली. त्यांनी कापडाची घडी घातली, ठिपके आत राहतील अशी, आणि आत नेऊन ठेवली.

तेव्हापासून युरोपातल्या त्या बँकेच्या दप्तरात नोंद आहे, की त्या वर्षी बोरजाईवाडी येथे माघापासून ज्येष्ठापर्यंत सूर्य थोडा कमी तळपला. कारण अज्ञात. मी त्यानंतर चार बँका फिरलो. सोलापूरच्या मॅनेजरांनी तो अहवाल वाचला आणि मी म्हणत नव्हतो का, अशा नजरेनं माझ्याकडं पाहिलं. मार्चमध्ये करार रद्द झाला. अनामत गेली.

खांब बँकेचा होता, म्हणून तो काढायला माणसं आली. त्या दिवशी एकनाथरावांचा फोन आला. नेलं म्हणाले. खड्डा राहिलाय, बुजवतो.

"सकाळी पुसली होती का काच?" मी उगीच विचारलं.

"पुसली की."

"काढून न्यायच्या दिवशी?"

"मग काय झालं? मळकी दिली असती तर काय म्हणाली असती ती?"

दोन वर्षांनी डर्कचं पत्र आलं, नवीन वर्षाच्या शुभेच्छांचं. शेवटी त्यानं कळवलं होतं, की बँकेनं नियम बदललाय. पाच मेगावॉटपर्यंतच्या प्रकल्पांना आता जागेवर मोजणी लागत नाही. उपग्रहाचे आकडे चालतात.